‘बंद’ म्हणजे नक्की काय? : फीचर फ्लॅग आणि त्यांचे रकाने

आजच्या विषयाचं नाव वाचून दोन प्रकारची मंडळी बुचकळ्यात पडलेली दिसतात. मागे बसलेली तरुण मंडळी सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. त्यांना वाटतंय, तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आपल्याला फीचर फ्लॅगबद्दल काय सांगणार? पुढच्या रांगेत माझ्या वयाचे लोक आहेत, त्यांना मुळात फीचर फ्लॅग हे काय प्रकरण आहे असा प्रश्न आहे. दोघांचीही शंका रास्त आहे. मी कोड लिहीत नाही. पण नाव, लक्षण, वर्गीकरण, अभाव या गोष्टी आयुष्यभर शिकवल्या, आणि हा विषय शेवटी त्यांच्याच दारात येऊन उभा राहतो.

आधी पुढच्या रांगेसाठी. समजा, एखाद्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवायची नवी पद्धत आणायची आहे. पूर्वी काय व्हायचं, नवा कोड तयार झाला, सर्व्हरवर चढवला, की त्या क्षणापासून सगळ्या ग्राहकांना नवी पद्धत सुरू. काही बिघडलं तर सगळा कोड उतरवायचा, जुना पुन्हा चढवायचा. आता काय करतात, तर नवा कोड एका अटीच्या आत ठेवतात. फ्लॅग चालू असेल तर नव्या वाटेनं जा, नसेल तर जुन्या. आणि त्या फ्लॅगची किंमत, चालू की बंद, ही कोडच्या बाहेर कुठंतरी ठेवलेली असते. त्यामुळे कोडला हात न लावता ती बदलता येते. सकाळी शंभरातल्या एका ग्राहकाला नवी पद्धत दाखवा, दुपारी दहांना, सगळं ठीक वाटलं तर संध्याकाळी सगळ्यांना. मध्यरात्री घोटाळा झाला तर एक बटण दाबून बंद करा. कोड चढवणं आणि सुविधा सुरू करणं या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, हे यातलं खरं मर्म. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी २००९ साली आपली ही पद्धत जाहीरपणे लिहिली होती. अर्धवट झालेलं कामसुद्धा सगळ्यांच्या सामाईक कोडमध्येच ठेवायचं, फक्त फ्लॅगच्या आड. त्यानंतर ही पद्धत सगळीकडे पसरली. (मी ‘फ्लॅग’च म्हणणार आहे. ‘झेंडा’ म्हटलं की मला मिरवणूक आठवते.)

आता अडचण कुठं येते ते बघा. फ्लॅग तयार करणं फार सोपं असतं, आणि तो काढून टाकायला कुणालाच घाई नसते. वर्षाभरात दोनशे होतात, तीन वर्षांत सहाशे. तुमच्या घरातल्या जुन्या स्विचबोर्डवर एखादं बटण असतंच, ज्यानं काय चालू होतं ते घरात कुणालाच ठाऊक नसतं. आपण ते बटण जसं आहे तसं सोडून देतो. तसल्या सहाशे बटणांचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर एक लांबलचक यादी आहे. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला चालू किंवा बंद.

मी मागच्या रांगेला एक साधा प्रश्न विचारतो. त्या यादीत एका फ्लॅगसमोर ‘बंद’ लिहिलंय. बंद म्हणजे काय?

तुम्ही म्हणाल, सर, बंद म्हणजे बंद. पण तसं नाही. तर्कसंग्रह वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच कळतं की ‘नाही’ हा एक प्रकार नाही, चार आहेत. आपल्या न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे भेद केले. मडकं अजून घडवलंच नाही, तेव्हा मातीत मडक्याचा जो अभाव आहे तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. मडकं झालं की तो संपला. मडकं फुटलं, त्यानंतरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटलेलं तेच मडकं परत येत नाही. वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता आणि कधी असणार नाही, हा अत्यंताभाव. आणि मडकं म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव.

आता ती यादी पुन्हा बघा. एक फ्लॅग बंद आहे, कारण सुविधा अजून पुरी व्हायची आहे. हा प्रागभाव. दुसरा बंद आहे, कारण ती सुविधा दोन वर्षं चालवून मोडीत काढली. तिसरा एका ग्राहकासाठी बंद आहे, कारण त्यानं फुकटातली योजना घेतली आहे आणि त्या योजनेत ही सुविधा कधीच नसते. पडद्यावर तिन्ही ठिकाणी एकच अक्षर. यंत्राला तेवढं पुरतं, त्याला फक्त कुठल्या वाटेनं जायचं तेवढं हवं असतं. माणसाला पुरत नाही. पहिल्या फ्लॅगला उद्या कुणी चालू केलं तर ते त्याचं कामच झालं. दुसऱ्याला चालू केलं तर मेलेलं माणूस उठून बसेल.

नैयायिक आणखी एक गोष्ट सांगतात. अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी माहीत नसेल तर अभावाचं ज्ञानच होत नाही. ‘इथं नाही’ एवढंच म्हटलं तर काही कळत नाही. काय नाही, ते सांगावं लागतं. फ्लॅग बंद आहे, ठीक, पण कशाचा? तो कशासाठी जन्माला आला, कुणाचा आहे, तो चालू झाला तर नक्की काय जागं होईल? ही माहिती फ्लॅगच्या किमतीत नसते. ती त्याच्या शेजारी लिहून ठेवावी लागते. शेजारी लिहून ठेवलेल्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात, आणि प्रत्येक संस्था आपल्या गरजेप्रमाणे त्याचे जे रकाने ठरवते ते कस्टम फील्ड. मी त्यांना रकानेच म्हणेन.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील तर एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. ती जरा सविस्तर सांगायला हवी.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाची मोठी दलाली पेढी होती. १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होतं. नाइटनं आपल्या प्रणालीत त्यासाठी नवा कोड लिहिला. बाजारात ऑर्डर पाठवणाऱ्या या प्रणालीत पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाची एक सुविधा होती. ती वापरणं त्यांनी २००३ सालीच थांबवलं होतं. वापर थांबवला, पण कोड काढला नाही. तो तसाच पडून होता, आणि हाक मारली तर ओ देण्याच्या स्थितीत होता. ही सुविधा जागी करणारा एक फ्लॅग होता. आजच्या फीचर फ्लॅगसारखा पडद्यावरून फिरवायचा नव्हे, पण चालू-बंदची खूणच. नव्या योजनेच्या कोडसाठी एक खूण हवी होती, तेव्हा त्यांनी हीच जुनी खूण पुन्हा वापरायला घेतली. विचार असा होता की जुना कोड काढून टाकू, मग त्याच खुणेनं नवा कोड जागा होईल.

या प्रणालीचे आठ सर्व्हर होते. २७ जुलैपासून टप्प्याटप्प्यानं नवा कोड चढवायला सुरुवात झाली. सात सर्व्हरवर चढला. आठव्यावर चढवायचा राहून गेला, आणि दुसऱ्या कुणी येऊन तपासण्याची पद्धत नव्हती. १ ऑगस्टला सकाळी साडेनऊला बाजार उघडला. ज्या ऑर्डरींवर ती खूण होती, त्या सात सर्व्हरवर नीट चालल्या. आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेनं पॉवर पेग उठलं. नऊ वर्षांनी.

आणि आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पॉवर पेग मूळ ऑर्डरीचे छोटे तुकडे करून बाजारात पाठवत असे. मूळ ऑर्डर पुरी झाली की थांबायचं, यासाठी त्यात एक मोजणी होती. २००५ साली ती मोजणी कोडमध्ये दुसऱ्या जागी हलवली गेली. पॉवर पेग तेव्हा वापरात नव्हतं, त्यामुळे हलवल्यावर ते नीट चालतं का, हे कुणी तपासलं नाही. म्हणजे २०१२ साली जे उठलं, त्याला थांबायचं कधी हेच माहीत नव्हतं. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींमधून त्यानं ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाखांहून अधिक व्यवहार केले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. घोटाळा कळल्यावर अभियंत्यांना वाटलं, दोष नव्या कोडमध्ये असणार. म्हणून त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला. झालं काय, तर त्या सातांवरही जुना कोड जागा झाला. नंतर अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं चौकशी केली आणि २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. पेढी तोवर दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

मी असं म्हणत नाही की चार रकाने भरले असते तर हे टळलं असतं. चूक अनेक ठिकाणी होती: कोड चढवण्याची पद्धत, तपासणी, जोखमीची बंधनं. पण नैयायिकाच्या नजरेनं बघा. २००३ साली पॉवर पेग ‘बंद’ केलं, तेव्हा सगळ्यांनी मनात धरलं की त्याचा ध्वंस झाला. ध्वंस झाला नव्हता. मडकं फुटलं नव्हतं, फळीवर उलटं करून ठेवलं होतं. फ्लॅग बंद करणं म्हणजे ध्वंस नव्हे. कोड काढणं म्हणजे ध्वंस. या दोन अवस्थांत फरक आहे आणि तो फरक चालू-बंदच्या किमतीत कधीच दिसत नाही. त्या फ्लॅगशेजारी ‘हा कशाचा’ आणि ‘याच्या मागचा कोड अजून आहे की गेला’ असे दोन रकाने असते, तर ती खूण पुन्हा वापरायला घेणाऱ्याला निदान थबकावं लागलं असतं. तिथं अन्योन्याभावही मोडला गेला, बरं का. दोन वेगळ्या गोष्टींना एकच खूण. मडकं आणि वस्त्र एकाच नावानं हाक मारायला लागलो, की कोण येईल ते नशिबावर.

यावर मागच्या रांगेतून एक हमखास उत्तर येतं: नाव नीट ठेवू की. नावातच सगळं घालू. संघाचं नाव, मग प्रकार, मग सुविधा, मग तिमाही. मला हा मार्ग पटत नाही, आणि कारण साधं आहे. कोड फ्लॅगला नावानंच हाक मारतो, त्यामुळे ते नाव एकदा ठरलं की बदलता येत नाही. लाँचडार्कलीसारख्या साधनात तर फ्लॅगची ही ओळख एकदा दिली की कायमची. पण संघ बदलतात. तात्पुरता म्हणून आणलेला फ्लॅग कायमचा होतो. मग नावात ‘तात्पुरता’ लिहिलेला फ्लॅग सहा वर्षं चालू असतो आणि नाव रोज खोटं बोलतं. नावाचं काम ओळख पटवणं. गुण सांगणं हे त्याचं काम नाही.

पुढच्या रांगेला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. जमिनीला गट नंबर असतो. तो मालकाच्या नावावरून ठेवलेला नसतो, म्हणून मालक बदलला तरी चालतो. भोगवटादार कोण, क्षेत्र किती, पीक कुठलं, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. मालकी बदलली की फेरफार होतो, त्याला नंबर पडतो, आणि कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग राहतो. जाणता माणूस जमीन घेताना आधी काय बघतो? ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा बोजा तिथं, शेजाऱ्याचा विहिरीतला हिस्सा तिथं. जमिनीकडे नुसतं बघून यातलं काही दिसत नाही. फ्लॅगचंही तेच आहे. या फ्लॅगवर दुसरा कुठला फ्लॅग अवलंबून आहे, कुठल्या ग्राहकाला करारानं ही सुविधा दिलेली आहे, हा त्याचा ‘इतर हक्क’. बंद करण्याआधी तो वाचायचा असतो.

बरं, मग रकाने कुठले ठेवायचे? इथं वर्गीकरणाचा जुना वाद येतो. ड्यूईनं १८७६ मध्ये ग्रंथालयासाठी दशांश वर्गीकरण आणलं. सगळं ज्ञान दहा भागांत, प्रत्येकाचे पुन्हा दहा. झाडासारखं. झाडाची अडचण ही की प्रत्येक पानाला एकच फांदी. ‘महाराष्ट्रातल्या कापूस उद्योगाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास’ हे पुस्तक कुठं ठेवणार? इतिहासात, उद्योगात, की शेतीत? मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये वेगळा मार्ग काढला, द्विबिंदू वर्गीकरण. लंडनमध्ये एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. पुस्तकाला एका फांदीवर टांगायचं नाही. त्याच्या विषयाचे पैलू वेगळे करायचे आणि मग जोडायचे. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काळ, असे पाच मूळ पैलू त्यांनी मानले. आज एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर तुम्ही रंग, माप, किंमत असं स्वतंत्रपणे निवडून साडी शोधता, तेव्हा तत्त्व हेच असतं.

फ्लॅगांच्या फोल्डरी करणं म्हणजे ड्यूईचं झाड. पेमेंटचे फ्लॅग एका फोल्डरात, प्रयोगाचे दुसऱ्यात. मग पेमेंटवरच्या प्रयोगाचा फ्लॅग कुठं? रकाने म्हणजे रंगनाथन. विषय एका रकान्यात, प्रकार दुसऱ्यात, मालक तिसऱ्यात. रात्री दोन वाजता घोटाळा झाला की कामावर असलेली मुलगी विचारू शकते, ‘पेमेंटशी संबंधित, गेल्या आठवड्यात बदललेले, बंद केले तरी धोका नसलेले फ्लॅग दाखव.’ झाडाला हा प्रश्न विचारता येत नाही. टॅग लावूनही भागत नाही, कारण टॅगवर नुसता शब्द असतो, तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते कळत नाही. ‘पेमेंट’ हा टॅग दिसला. म्हणजे पेमेंट संघ याचा मालक आहे, की याचा परिणाम पेमेंटवर होतो? रकान्याला स्वतःचं नाव असतं, म्हणून हा प्रश्न सुटतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना प्रकाराचा. पीट हॉजसन यांनी मार्टिन फाउलर यांच्या संकेतस्थळावर एक लेख लिहिला आहे, या क्षेत्रातले लोक तो आवर्जून वाचतात. त्यात फ्लॅगांचे चार प्रकार केलेत. अर्धवट काम झाकणारे, प्रयोगाचे, यंत्रणा सांभाळणारे आणि परवानगीचे. हे भेद मला आवडतात, कारण ते कोड कसा दिसतो यावरून केलेले नाहीत. फ्लॅग किती दिवस जगायला हवा आणि त्याचा निर्णय किती वेळा बदलतो, यावरून केले आहेत. अर्धवट काम झाकणारा फ्लॅग काही आठवड्यांत जायला हवा. प्रयोगाचा, निकाल लागेपर्यंत. परवानगीचा वर्षानुवर्षं राहील. प्रकार कळला की त्याच्या ‘बंद’चा अर्थ कळतो, आणि आयुष्यही कळतं. अनलीश या साधनात तर प्रकारावरूनच अपेक्षित आयुष्य ठरलेलं असतं. साधारण नव्या सुविधेच्या फ्लॅगला ४० दिवस. दिवस उलटले की तो ‘बहुधा शिळा’ म्हणून दाखवला जातो. बंद करत नाहीत, फक्त विचारतात. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मी स्वतः त्या रकान्याला अंतिम तारीख म्हणणार नाही, फेरविचाराची तारीख म्हणेन, आणि कायमच्या फ्लॅगांनाही ती ठेवेन, वर्षाची असली तरी. कायमचं म्हटलेलं सगळं कायमचं नसतं.

मालकाच्या रकान्यात व्यक्तीचं नाव घालू नका, संघाचं घाला. माणूस नोकरी सोडतो आणि त्याचं नाव तिथं भुतासारखं राहतं. आणि हा रकाना मोकळ्या लिखाणाचा ठेवू नका, ठरलेल्या यादीतून निवडायचा ठेवा. नाही तर एक जण ‘पेमेंट’ लिहितो, दुसरा ‘पेमेंट्स’, तिसरा ‘बिलिंग’, आणि शोधायला गेलं की तिघांतला एकच सापडतो. लक्षणात अव्याप्ती हा दोष का मानला आहे, ते इथं कळतं. लागू व्हायला हवं तिथं लागू झालं नाही. उलट यादीत ‘इतर’ असा पर्याय ठेवला, की सहा महिन्यांत निम्मे फ्लॅग ‘इतर’मध्ये जातात. ती अतिव्याप्ती. मोकळ्या लिखाणाचा रकाना एकच ठेवा, ‘हा कशासाठी’. एक वाक्य. तेवढं एक वाक्य लिहिता येत नसेल तर फ्लॅग तयार करू नये, असं माझं मत आहे. सगळ्यांना पटणार नाही.

रिकाम्या रकान्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथं पुन्हा अभाव आडवा येतो. ‘अवलंबून असलेले फ्लॅग’ हा रकाना रिकामा आहे. म्हणजे कुणी भरलाच नाही? की भरणाऱ्यानं पाहिलं आणि खरंच कुणी अवलंबून नाही? की पाहिलं, पण कळलं नाही? तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिन्ही एकाच रिकाम्या जागेनं दाखवल्या जातात. रात्री दोनला ती मुलगी रिकामी जागा पाहते आणि ‘कुणी नाही’ असं समजून फ्लॅग बंद करते. म्हणून ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ हे तीन पर्याय यादीत लिहून द्यायला हवेत. मग रिकाम्या जागेचा एकच अर्थ उरतो, की अजून कुणी पाहिलेलं नाही.

आणि रकाने थोडे ठेवा. पंधरा रकान्यांचा फॉर्म दिला तर काय होतं ते सरकारी कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. लोक टिंब देऊन पुढं जातात. प्रत्येक रकान्यापुढं एक प्रश्न विचारा: हा वाचणार कोण आणि कधी? उत्तर नसेल तर रकाना काढा. नाइट कॅपिटलच्या गोष्टीतला एक तपशील मी मुद्दाम मागं ठेवला होता. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी, आठच्या सुमारापासून, त्यांच्याच प्रणालीनं कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ९७ ईमेल पाठवल्या होत्या, आणि त्यात पॉवर पेगचा नावानिशी उल्लेख होता. त्या ईमेल धोक्याचा इशारा म्हणून पाठवायच्या, अशी व्यवस्थाच नव्हती, म्हणून कुणी त्यांच्याकडे तसं पाहिलं नाही. माहिती होती, वाचक नव्हता.

उलट उदाहरणही आहे. उबरनं शिळ्या फ्लॅगांचा कोड आपोआप काढणारं पिरान्हा नावाचं साधन केलं आणि २०२० मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. ते कोड काढून टाकतं, पण थेट नाही. बदल तयार करतं आणि फ्लॅगच्या कर्त्याकडे तपासायला पाठवतं. म्हणजे फ्लॅग कुणाचा, हा रकाना तिथं नुसता शोभेला नाही, त्याच्यावर पुढचं काम चालतं. ज्या रकान्यावर काहीतरी चालतं, तो रकाना खरा राहतो. कारण चुकला तर लगेच कुणाच्या तरी दारात चुकीचं पार्सल जातं.

आता वेळ संपत आली आहे, चिठ्ठ्यांमधले दोन प्रश्न घेतो.

पहिली चिठ्ठी: “हे रकाने आता यंत्राकडून भरून घेता येतील ना?” काही येतील, आणि ते घ्यावेतच. फ्लॅग कधी तयार झाला, कोडमध्ये कुठं कुठं वाचला जातो, शेवटी कधी बदलला, हे यंत्राला दिसतं. ते माणसाला विचारणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं आणि चुकीला जागा देणं. पण कशासाठी आणला, कधी जायला हवा, हे कोडमध्ये नसतं, आणणाऱ्याच्या मनात असतं. यंत्र कोड वाचून अंदाज लिहील, आणि तो अंदाज भरलेल्या रकान्यासारखाच दिसेल. म्हणून अंदाज असेल तिथं ‘अंदाज’ असं लिहायला लावा.

दुसरी चिठ्ठी मागच्या रांगेतली दिसते: “आमच्याकडे सहाशे फ्लॅग आधीच आहेत, एकालाही रकाना नाही. सुरुवात कुठून करू?” सहाशे फॉर्म भरायला बसू नका. नव्या फ्लॅगांना आजपासून रकाने सक्तीचे करा. जुन्यांना फक्त एक प्रश्न विचारा, हा कुणाचा? यादी सगळ्या संघांपुढं ठेवा, ज्याला जो आपला वाटेल त्यानं तो घ्यावा. ज्यांना कुणीच आपलं म्हणणार नाही, त्यांच्याकडे आधी बघा. ते कोडमध्ये अजून वाचले जातात का? सगळ्या ग्राहकांसाठी कित्येक महिने एकच किंमत आहे का? तसं असेल तर त्याच्यामागची जी वाट वापरली जात नाही तिचा कोड काढा, सगळ्या सर्व्हरवरून, आणि दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. फ्लॅगची नोंद आधी काढू नका, कारण नोंद गेली की उरलेला कोड आपली मूळ ठरलेली किंमत धरून चालतो आणि ती कुठली हे तुम्हांला आठवत नसतं. कोड सगळीकडून गेला की मग नोंदीत ‘काढला’ असं लिहा, तारीख घाला, आणि ते नाव पुन्हा कुणाला देऊ नका.